आमचे तास कुठे जातात: देणगीदारांना आणि विश्वस्तांना खुले पत्र

सेवाभावी संस्थांना निधी देणारे देणगीदार व प्रतिष्ठानं आणि या संस्थांची विश्वस्त मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

मी स्वयंसेवी संस्थांच्या कार्यालयात काम करते. हिशेब, पावत्या, लाभार्थ्यांच्या याद्या, स्वयंसेवकांची वेळापत्रकं आणि तुम्हाला जाणारे अहवाल हे माझं रोजचं काम. दर तिमाहीला जो अहवाल तुमच्या टेबलावर येतो, तो तयार कसा होतो हे तुमच्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिलं असेल. ते सांगावं आणि त्याच्या आधारे एक मागणी करावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगून टाकते. संस्थेचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचा खर्च 'प्रशासकीय' म्हणून छाटू नका. तो कामाचाच खर्च धरून त्यासाठी निधी द्या. आणि निधी दिल्यावर त्या सॉफ्टवेअरमधून जो अहवाल निघेल तो स्वीकारा. मागणीच्या या दुसऱ्या भागाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण तो झाला नाही तर पहिल्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

माता-बालआरोग्याचा एखादा प्रकल्प घ्या. कार्यकर्ती घरोघरी जाते, बाळाचं वजन घेते, आईचा रक्तदाब मोजते, लसीची तारीख विचारते आणि सगळं वहीत लिहिते. आठवड्याच्या शेवटी कुणीतरी ती वही समोर ठेवून माहिती एक्सेलमध्ये भरतं. महिनाअखेरीला एका देणगीदाराला पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा हवा असतो, दुसऱ्याला सहा वर्षांपर्यंतचा. तिसऱ्याला मुलगे आणि मुली वेगळे करून हवेत. चौथ्याचं स्वतःचं पोर्टल असतं आणि त्यात एकेक नोंद हातानं चढवावी लागते. म्हणजे बाळाचं वजन एकदा घेतलं जातं आणि चार-पाच वेळा लिहिलं जातं. जितक्या वेळा लिहिलं, तितक्या वेळा चुकायची संधी. मग सहामाही अहवालात एक आकडा आणि वार्षिक अहवालात दुसरा दिसतो, आणि तुमचा प्रतिनिधी विचारतो की हे जुळत का नाही. प्रश्न रास्त असतो. उत्तर शोधायला दोन माणसं तीन दिवस जुन्या वह्या उलटत बसतात, आणि त्यातलं एक माणूस बहुधा तीच कार्यकर्ती असते जिने त्या दिवसांत भेटी द्यायला हव्या होत्या.

हे टाळण्याची साधनं आता नवी राहिलेली नाहीत. मोबाईलवर फॉर्म भरण्याचं ओपन डेटा किट, म्हणजे ओडीके, २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. त्याच्याच पायावर उभं राहिलेलं कोबोटूलबॉक्स आज आपत्तिनिवारणाच्या आणि निर्वासितांच्या कामात सर्रास वापरलं जातं. नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरता येतो. रेंज मिळाली की तो आपोआप वर जातो. पण मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. फॉर्म स्वतः चूक पकडतो. नवजात बाळाचं वजन ३.२ किलोऐवजी ३२ लिहिलं तर तो पुढे जाऊ देत नाही. भेटीची तारीख उद्याची पडली तर थांबवतो. वहीतली चूक तीन महिन्यांनी कार्यालयात सापडते, तोवर ते घर कोणतं होतं हेही कुणाला आठवत नसतं. इथे बाई समोर बसलेली असतानाच चूक दुरुस्त होते. आणि नोंदीत वयाऐवजी जन्मतारीख असली की पाच वर्षांपर्यंतची मुलं, सहा वर्षांपर्यंतची मुलं, त्यातल्या मुली किती, हे सगळे एकाच नोंदवहीला विचारलेले प्रश्न होतात. उत्तरं काढायला रात्र जागावी लागत नाही.

अहवाल लवकर होणं हा मात्र या सगळ्यातला दुय्यम फायदा आहे. खरा फायदा ज्या माणसासाठी आपण काम करतो त्याच्यापर्यंत पोचतो. डिमागी या कंपनीचं कॉमकेअर हे ॲप अनेक देशांत आरोग्य कार्यकर्त्यांच्या हातात आहे. त्याची रचना व्यक्तीभोवती असते: प्रत्येकाची एक केस, तिच्या भेटींची साखळी, पुढच्या भेटीची तारीख. सकाळी फोन उघडला की आज कुणाकडे जायचं आणि कुणाची तारीख उलटून गेली हे समोर येतं. मागच्या भेटीत जिचं हिमोग्लोबिन कमी होतं तिचं नाव यादीत वर ठेवता येतं. कार्यकर्ती दुसऱ्या भागात बदलून गेली, आजारी पडली, नोकरी सोडून गेली, तरी तिच्या जागी येणारीला पहिल्याच दिवशी कळतं की कोणत्या घरी काय सांगून ठेवलं आहे. मी अशा संस्था पाहिल्या आहेत जिथे वीस वर्षांचं काम एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या डोक्यात आणि त्याच्या डायऱ्यांत होतं. तो माणूस गेला की संस्था अनेक कुटुंबांची ओळखच विसरते. ज्यांनी आपल्या घरातल्या मारहाणीची, कर्जाची किंवा आजाराची गोष्ट एकदा मोठ्या कष्टानं सांगितलेली असते, त्यांना ती नव्या माणसापुढे पहिल्यापासून सांगावी लागते. अनेक जण मग सांगतच नाहीत. यायचं थांबतात.

याद्यांबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही आम्हाला पहिला प्रश्न विचारता तो 'किती लोकांपर्यंत पोचलात?' हा. एकच बाई बचत गटाच्या यादीत लग्नाआधीच्या आडनावानं असते, आरोग्य शिबिराच्या यादीत लग्नानंतरच्या, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत फक्त 'अमुकची आई' म्हणून. तीन याद्यांची बेरीज केली की ती तीन माणसं होते. याद्या वेगवेगळ्या फायलींत असतील तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तुम्हाला दिलेला आकडा कुणी फसवलेलं नसताना फुगतो. सगळी कामं एकाच व्यवस्थेत नोंदली, प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक दिला आणि जन्मतारीख, पत्ता, फोन यांवरून जुळणाऱ्या नोंदी सॉफ्टवेअरनं शोधून दाखवल्या की आकडा कमी होतो. तो कमी झालेला आकडा पाहून नाराज होऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या वर्षी 'लाभार्थी घटले' असं दिसतं म्हणून पुढचा हप्ता रोखला गेला, तर कोणती संस्था खरी यादी करायला धजेल? शिवाय तीच बाई तीन कार्यक्रमांत आहे हे कळल्यावर तिच्या घरी तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या दिवशी जायची गरज उरत नाही.

आता पैशाकडे येते. सेवाभावी संस्थेचा हिशेब दुकानाच्या हिशेबासारखा नसतो. आमच्याकडे आलेला पैसा बहुधा नाव घेऊन येतो: हा वसतिगृहासाठी, हा पाण्याच्या टाकीसाठी, हा फक्त पगार सोडून इतर गोष्टींसाठी. हा भेद जगभर मान्य आहे. ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थांना निर्बंधित आणि अनिर्बंधित निधी वेगळे दाखवावे लागतात. अमेरिकेत लेखांकनाच्या नियमांत २०१६ साली सुधारणा झाली तेव्हा संस्थांच्या निव्वळ मालमत्तेचे दोन वर्ग ठेवले गेले, देणगीदाराची अट असलेली आणि अट नसलेली. पण व्यापारासाठी बनवलेल्या साध्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला हे समजत नाही. त्याला एवढंच कळतं की डिझेलवर अमुक खर्च झाला. ती गाडी सोमवारी पाण्याच्या प्रकल्पासाठी, मंगळवारी वसतिगृहासाठी आणि बुधवारी दोन्हीसाठी फिरली, हे लॉगबुक पाहून कुणीतरी हातानं वाटतं. पगारांचंही तेच. एका समन्वयकाचा पगार तीन देणगीदारांकडून येतो आणि प्रत्येकाला त्याचा वाटा त्याच्या टक्केवारीनं, त्याच्या आर्थिक वर्षाप्रमाणे हवा असतो. एकाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, दुसऱ्याचं एप्रिलमध्ये, तिसऱ्याचं करार ज्या दिवशी झाला त्या दिवशी.

निधीनिहाय हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर करतानाच चार गोष्टी लिहिल्या जातात: खर्चाचं खातं, निधी, प्रकल्प, ठिकाण. डिझेलचं बिल आलं की लॉगबुकातल्या किलोमीटरप्रमाणे त्याचे भाग तिथेच पडतात. समन्वयकानं आपल्या तासांची नोंद केली की पगाराची वाटणी तिच्यावरून होते. मग कोणत्याही देणगीदाराचं, कोणत्याही तारखेपासूनचं खर्चपत्रक काढणं म्हणजे निधी आणि तारखा निवडणं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खर्च करायच्या आधीच कळतं की या शीर्षकाखाली किती शिल्लक आहे. वर्षअखेरीला 'या निधीतून जास्त खर्च झाला आणि त्या निधीतले पैसे परत करावे लागणार' असं लक्षात येणं हे संस्थेसाठी किती जीवघेणं असतं, हे ज्यांनी पगार थकलेले पाहिले आहेत त्यांना विचारा.

देणग्यांच्या बाजूलाही हेच. ऑनलाइन देणगी आली, पावती गेली, खात्यात जमा झाली आणि देणगीदाराच्या नावापुढे नोंद झाली, हे चार टप्पे चार माणसांनी करायचं कारण उरलेलं नाही. सिव्हीसीआरएम हे खास अशा संस्थांसाठी बनलेलं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो असं, २००५ पासून चालू आहे. मोठ्या कंपन्याही आपापली व्यावसायिक सॉफ्टवेअर संस्थांना सवलतीत देतात आणि टेकसूपसारख्या संस्थेमार्फत ती मिळवता येतात. दरमहा थोडे पैसे देणाऱ्या माणसाचं बँक कार्ड मुदत संपल्यामुळे बंद पडलं की पूर्वी वर्षभर कुणाला पत्ता नसायचा. आता त्याच आठवड्यात कळतं आणि एक साधा फोन करता येतो. ज्यानं गेल्या वर्षी आईच्या स्मृतीप्रीत्यर्थ देणगी दिली होती, त्याला यंदा 'प्रिय देणगीदार' असं छापील पत्र जात नाही. छोट्या देणगीदारांशी नातं टिकतं ते अशा गोष्टींवर, आणि छोट्या देणगीदारांचा विनाअट पैसाच संस्थेला अडचणीत तारतो.

साठा आणि स्वयंसेवक यांबद्दल थोडक्यात. मदतीचं साहित्य आलं की ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर जायला हवं, कोणत्या छावणीत काय जास्त झालं आणि कुठे काहीच पोचलं नाही हे रोज दिसायला हवं. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या संगणक तज्ज्ञांनी स्वयंसेवक म्हणून एकत्र येऊन सहाना हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उभं केलं. बेपत्ता माणसं, छावण्या, मदत करणाऱ्या संस्था आणि मागण्या यांची नोंद एकत्र ठेवणं हा त्याचा हेतू होता. गर्दीच्या वेळी मदत कमी पडते त्याहून जास्त ती चुकीच्या जागी साचते, हे अशा कामात असलेल्या कुणालाही पटेल. स्वयंसेवकांच्या बाबतीत एवढंच सांगते की ज्याला आपली पाळी कधी आहे हे वेळेवर कळतं आणि ज्याचे तास कुणीतरी मोजून ठेवतं, तो परत येतो.

'एक्सेलवर चाललंय की सगळं' असं अनेक विश्वस्त म्हणतात. एक्सेल उत्तम आहे. छोट्या संस्थेनं तिथूनच सुरुवात करावी, आणि दोन-तीन माणसांच्या संस्थेला त्याहून जास्त काही लागेलच असं नाही. पण त्याची मर्यादा केव्हा ओलांडली हे ते स्वतः सांगत नाही. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. माहिती ज्या जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ओतली जात होती तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. उरलेल्या नोंदी गळून गेल्या, आणि त्या बाधितांच्या संपर्कात आलेल्या लोकांचा शोध लांबला. तिथे एवढी मोठी यंत्रणा होती. आमच्याकडे एकाच यादीच्या 'अंतिम', 'अंतिम २' आणि 'नवीन अंतिम सुधारित' अशा तीन फायली असतात, आणि कोणत्या फाईलमधला आकडा तुमच्याकडे गेला हे सांगणारं माणूस रजेवर असतं.

आता देणगीदारांशी थोडं थेट बोलते.

तुमच्यापैकी अनेकांनी स्वतःची पोर्टलं आणि स्वतःची ॲप्स केली आहेत. हेतू चांगला आहे, तुम्हाला माहिती लवकर आणि एकसारखी हवी असते. पण आमच्या बाजूनं पाहा. पाच देणगीदार असले की पाच लॉगिन, पाच नमुने, पाच व्याख्या. युगांडामध्ये हे इतकं वाढलं होतं की २०१२ च्या जानेवारीत तिथल्या आरोग्य मंत्रालयाला डिजिटल आरोग्याचे नवे प्रायोगिक प्रकल्प थांबवण्याचा आदेश काढावा लागला. प्रत्येक मदतकर्ता आपलं वेगळं ॲप घेऊन येत होता आणि त्यांतली बहुतेक ॲप्स एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करत नव्हती. याउलट वाटही लोकांनी काढून दाखवली आहे. २०१६ साली इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठे देणगीदार देश आणि मदतसंस्था यांच्यात जो 'ग्रँड बार्गेन' करार झाला, त्यात अहवालांचे नमुने सोपे आणि एकसारखे करण्याचं वचन होतं. त्यातून पुढे '८+३' नावाचा नमुना तयार झाला: आठ प्रश्न सगळ्यांना समान, आणि देणगीदाराला त्यात आपले मोजकेच जादा प्रश्न घालायची मुभा. म्हणजे सरकारांसारखे देणगीदारही एका नमुन्यावर येऊ शकतात. तुम्हीही येऊ शकता. आणि तेवढं जमत नसेल तर निदान आमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली फाईल तुमच्या पोर्टलमध्ये एकदम चढवता येईल एवढी सोय करा. ही सोय करायला तुमच्या माणसाला काही दिवस लागतील. ती नसल्यामुळे तुम्ही ज्यांना निधी देता त्या प्रत्येक संस्थेतलं एक माणूस दर महिन्याला टंकलेखन करत बसतं.

प्रशासकीय खर्चाबद्दलची तुमची भीती मला समजते. पैसा कार्यालयात मुरतो आणि गरजूंपर्यंत पोचत नाही, अशी उदाहरणं झाली आहेत. पण टक्केवारी हे त्यावरचं चुकीचं माप आहे, आणि हे मी एकटी म्हणत नाही. २०१३ साली गाईडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाईज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या तीन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. संस्थेची पारख निव्वळ वरकड, म्हणजे प्रशासकीय, खर्चाच्या टक्क्यावरून करू नका, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं. देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणं हेच ज्यांचं काम, त्यांचं हे म्हणणं होतं. सॉफ्टवेअरचा खर्च कापला की तो नाहीसा होत नाही. तो कार्यकर्त्यांच्या तासांत जाऊन लपतो. हिशेबात ते तास 'कार्यक्रम खर्च' म्हणून दिसतात, टक्केवारी छान दिसते, आणि प्रत्यक्षात समुपदेशक आठवड्यातला एक दिवस माहिती भरण्यात घालवत असते. तुमच्या देणगीतला तो दिवस कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

खर्च नेमका कुठे होतो हेही सांगते, कारण यात फसगत होते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सवलतीचं लायसन्स जवळजवळ फुकट मिळतं, म्हणून प्रस्तावात त्यासमोर शून्य लिहिलं जातं. लायसन्स हा सगळ्यात लहान भाग असतो. जुन्या याद्या साफ करणं, कोणती नोंद खरी ते ठरवणं, संस्थेच्या कामाप्रमाणे फॉर्म आणि परवानग्या बसवणं, माणसांना शिकवणं, नवा माणूस आला की पुन्हा शिकवणं, आणि अडलं की फोन उचलणारं कुणीतरी असणं, हा खरा खर्च. त्यातही दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च कुणी धरतच नाही. एका प्रकल्पातून सॉफ्टवेअर बसतं, प्रकल्प संपतो, वार्षिक शुल्क भरायला पैसे नसतात आणि तीन वर्षांची माहिती बंद दाराआड राहते. म्हणून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा प्रत्येक अनुदानात दरवर्षीचा छोटा वाटा धरा. गाडी वापरणारा प्रत्येक प्रकल्प डिझेलचा वाटा उचलतो, तसंच हे.

विश्वस्तांनो, तुमच्याकडून मागणं वेगळं आहे. सॉफ्टवेअर घ्यायचा ठराव झाला की अनेक मंडळं तो विषय संपला असं समजतात आणि 'संगणक कळणाऱ्या' एका तरुण कर्मचाऱ्यावर तो सोपवतात. पण त्यात घ्यावे लागणारे निर्णय संगणकाचे नसतात. खर्च मंजूर कोण करणार आणि पैसे कोण पाठवणार, ही दोन माणसं वेगळी हवीत की नकोत? कुटुंबाची माहिती कोण पाहू शकतं? केस बंद झाली असं कधी म्हणायचं? हे आधी कागदावर ठरलं नसेल तर सॉफ्टवेअर आतला गोंधळ फक्त वेगानं करतं. हे ठरवायला तुम्ही बसायला हवं, आणि तुमच्यासोबत रोज फॉर्म भरणारी माणसं बसायला हवीत. ज्या फॉर्ममध्ये साठ प्रश्न असतात आणि त्यातले पंधराच कुणी वाचतं, तो फॉर्म कार्यकर्ती अंदाजे भरू लागते. तिला दोष देता येणार नाही.

हे सगळं नीट बसलं की त्याचा उपयोग तुम्हालाही होतो. कोणती नोंद कुणी, केव्हा बदलली हे सॉफ्टवेअरमध्ये राहतं, त्यामुळे लेखापरीक्षणात कुणाच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही. विनाअट निधी किती महिने पुरेल, कोणता निधी मुदतीत खर्च होणार नाही, कोणत्या करारांची मुदत संपत आली, हे बैठकीच्या आदल्या रात्री कुणाला जागवून विचारावं लागत नाही. पण एक इशारा आवर्जून देते. पडद्यावरच्या आलेखात मावतं तेवढंच काम, असं मानू लागलात तर आम्हीही हळूहळू तेवढंच करू लागू. भेटींची संख्या मोजली की भेटी आटोपशीर होतात. एखाद्या मुलीला शाळेत परत पाठवायला तिच्या वडिलांशी आठ महिने बोलावं लागतं, आणि आलेखात ती एकच टिंब असते. म्हणून बैठकीत आकड्यांसोबत एखादी केस सविस्तर ऐका.

सुरक्षिततेचा विषय मी शेवटी घेते आहे, पण त्यात तुमची जबाबदारी सगळ्यात मोठी आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं जाहीर केलं की सायबर हल्ल्यात ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्या हातांत गेली. युद्धात, स्थलांतरात किंवा आपत्तीत कुटुंबापासून तुटलेले, बेपत्ता असलेले, कैदेत असलेले असे हे लोक होते. २०२० साली ब्लॅकबॉड या संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि हजारो संस्थांच्या देणगीदारांच्या नोंदींना त्याची झळ लागली. यावरून कागदाकडे परत जावं असं मी म्हणणार नाही. कपाटातली फाईलही कुणीही उघडून वाचतं, आणि ती कुणी वाचली हे कळतसुद्धा नाही. पण छळ सोसलेल्या बाईचा पत्ता, एखाद्याचा आजार, एखाद्या मुलाचं नाव या गोष्टी ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी काही साधे नियम पाळलेच पाहिजेत. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं. पूर्ण कार्यालयाचा एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला नको. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद व्हायला हवं. युनिसेफच्या पुढाकारानं बालसंरक्षणासाठी तयार झालेल्या प्रिमेरो या सॉफ्टवेअरमध्ये असतं तसं, ज्याचं काम ज्या केसशी आहे त्याला तेवढीच केस दिसायला हवी. बॅकअप नुसता घेऊन चालत नाही, तो मधूनमधून उघडून पाहायला हवा. आणि जी माहिती लागत नाही ती विचारूच नये. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचं हे एक मूळ तत्त्व आहे: गरजेपुरतीच माहिती घ्या आणि गरजेपुरतीच ठेवा. देणगीदारांनो, इथे पुन्हा तुमच्याकडे वळते. प्रत्येक लाभार्थ्याचा फोटो, ओळखपत्र आणि फोन नंबर तुम्ही पुरावा म्हणून मागता, तेव्हा ही सगळी जोखीम तुम्ही त्या माणसाच्या डोक्यावर ठेवत असता. नमुना म्हणून थोड्या नोंदी आमच्याकडे येऊन तपासा. पूर्ण यादी मेलवर मागवू नका.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याशी करार करतानाही विश्वस्तांनी एक प्रश्न विचारायचाच: आम्ही उद्या तुम्हाला सोडून गेलो तर आमची सगळी माहिती, जोडलेल्या कागदपत्रांसकट, उघडता येईल अशा फायलींत किती दिवसांत मिळेल? उत्तर करारात लिहून घ्या. गोड बोलून टाळलं जात असेल तर दुसरीकडे जा.

तुमचं पुढचं अनुदान जाहीर होईल तेव्हा अर्जाच्या अंदाजपत्रकात 'माहिती व्यवस्थापन आणि प्रशिक्षण' अशी एक ओळ कार्यक्रम खर्चाच्या शीर्षकाखाली घाला, आणि अहवालाच्या सूचनांत 'संस्थेच्या स्वतःच्या नमुन्यातला अहवाल चालेल' हे वाक्य लिहा. विश्वस्तांनी येत्या बैठकीत आपल्या कर्मचाऱ्यांना एवढंच विचारावं की एकच माहिती तुम्ही किती ठिकाणी लिहिता. उत्तर देणाऱ्यांत हिशेबनिसाबरोबर घरोघरी जाणारी कार्यकर्तीही असू द्या.

आपली नम्र,
एका संस्थेच्या कार्यालयातली कार्यकर्ती